डिटेक्टर रोज रात्री ‘अटॅक’ दाखवतोय? थ्रेशोल्ड वाढवायच्या आधी हे तपासा

प्रॉब्लेम असा असतो. कंट्रोल लूप नेटवर्कवर आहे, सेन्सरचं रीडिंग इथरनेटवरून पीएलसीकडे (प्लांट चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरकडे) येतं, पीएलसीचा हुकूम तसाच ड्राइव्हकडे (मोटर चालवणाऱ्या उपकरणाकडे) किंवा व्हॉल्व्हकडे जातो, आणि बाजूला एक डिटेक्टर बसवलाय जो मॉडेलवरून रीडिंग किती यायला पाहिजे याचा अंदाज काढतो आणि आलेल्या रीडिंगशी ताडून बघतो. फरक ठरवलेल्या मर्यादेच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर गेला की स्क्रीनवर लाल पट्टी, ‘संशयित अटॅक’. पहिले चार दिवस सगळे धावत येतात, काही सापडत नाही, मग रोज वाजायला लागतो, मग कोणी येत नाही, मग कोणीतरी थ्रेशोल्ड वाढवून टाकतं आणि महिनाभर शांतता. मग परत वाजतो, परत वाढवतात. शेवटी डिटेक्टर चालू असतो पण नावालाच.

मी हे एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय आणि प्रत्येक वेळी मूळ कारण थ्रेशोल्ड नव्हतंच. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण थ्रेशोल्ड वाढवणं हा दोन मिनिटांचा उपाय आहे आणि त्याची किंमत खरा हल्ला होतो तेव्हाच कळते.

एक केस नीट सांगतो. दोन टाक्या, दोन लेव्हल ट्रान्समीटर, एक पंप व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर). सॅम्पल १०० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला १०. डिटेक्टरमध्ये काल्मन फिल्टर (मॉडेलचा अंदाज प्रत्येक आलेल्या रीडिंगवरून थोडा करेक्ट करत नेणारं गणित), दोन्ही लेव्हलच्या फरकांचा वर्ग करून त्यांच्या कोव्हेरियन्सने (नेहमीच्या चढउताराच्या मापाने) भागून एक आकडा काढायचा आणि तो काय-स्क्वेअरच्या टेबलशी (नुसत्या योगायोगाने आकडा किती मोठा येऊ शकतो ते सांगणाऱ्या टेबलशी) लावायचा. दोन सेन्सर म्हणून दोन डिग्री ऑफ फ्रीडम, एक टक्क्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे सगळं ठीक असतानाही शंभरातलं एक सॅम्पल वर जाईल असा, ९.२१, टेबलातून उचललेला. आता नुसतं एवढंच ठेवलं असतं तर दिवसाचे ८,६४,००० सॅम्पल आणि त्यातला एक टक्का, म्हणजे दिवसाला ८,६४० खोटे अलार्म, दर दहा सेकंदांना एक. हे ज्यांनी बसवलं त्यांना माहीत होतं म्हणून त्यांनी अट घातली होती की सलग पाच सॅम्पल ९.२१ च्या वर गेले तरच अलार्म. चांगली अट आहे.

आणि नेमकी इथेच खूण होती जी कोणी वाचली नाही. मॉडेल बरोबर असेल आणि फरक म्हणजे खरंच नुसता नॉइज (रीडिंगमधला आपोआपचा बारीक चढउतार) असेल, तर सलग पाच वेळा एक टक्क्याच्या बाहेर जाण्याची शक्यता ०.०१ चा पाचवा घात, म्हणजे हजार कोटींत एक. दिवसाला साडेआठ लाख सॅम्पल धरले तरी साधारण तीस वर्षांत एखादा खोटा अलार्म यायला हवा. इथे एका रात्रीत तीन येत होते. म्हणजे हा योगायोग नाहीच, काहीतरी खरं घडतंय, हल्ला म्हणा, बिघाड म्हणा, वेळेची गडबड म्हणा, पण खरं. अशा वेळी थ्रेशोल्ड ९.२१ वरून ३० वर नेणं म्हणजे ताप आलाय म्हणून थर्मामीटर बदलणं. पण तेच झालं होतं, आणि मी गेलो तेव्हा तो ३० वरच होता.

रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारलं की अलार्म नेमका कधी यायचा. तो म्हणाला, “सर, पंप चालू झाला की. पाणी वर चढायला लागलं की वाजतो, लेव्हल थांबली की आपोआप गप्प होतो.” त्याने हे आधीही सांगितलं होतं म्हणे, पण नोंदीत फक्त ‘फॉल्स अलार्म, रिसेट केला’ एवढंच. माझ्या मते सगळ्या तपासातली सगळ्यात मौल्यवान माहिती तीच होती, तेव्हा तुमच्याकडे अलार्म येत असेल तर आधी जो माणूस तिथे बसतो त्याच्याशी बोला, लॉग नंतर उघडा.

फरक फक्त लेव्हल हलत असताना येतो आणि स्थिर असताना जातो याचा अर्थ काय? सेन्सर बिघडून काही मिलिमीटर खोटं दाखवत असता तर स्थिर असतानाही दाखवला असता. पण रीडिंग उशिरा येत असेल, तर पाणी थांबलेलं असताना काही फरक पडत नाही, कारण जुनं रीडिंग आणि नवं रीडिंग सारखंच, आणि पाणी चढत असताना मात्र उशीर गुणिले चढण्याचा वेग एवढी चूक दिसते. पंप चालू झाल्यावर ती लेव्हल सेकंदाला ५ मिलिमीटर चढायची. रीडिंग ०.४ सेकंद उशिरा आलं तर फरक २ मिलिमीटर. नॉइजचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.६ मिलिमीटर. दोनला ०.६ ने भागून वर्ग केला तर ११.१, थ्रेशोल्ड ९.२१. पंप चालू असेपर्यंत वाजतच राहणार.

म्हणून माझी पहिली टेस्ट हीच असते आणि तुम्हीही हीच आधी करा, अर्ध्या तासाचं काम आहे. अलार्मच्या आसपासचा डेटा घ्या, फिल्टरचं करेक्शन थोड्या वेळापुरतं बंद करून नुसतं मॉडेल पुढे पळवा (करेक्शन चालू ठेवलं तर फिल्टर फरक थोडाफार गिळून टाकतो आणि आकडा कमी दिसतो), आणि मग आडव्या अक्षावर लेव्हल बदलण्याचा वेग, उभ्या अक्षावर फरक, असे ठिपके मांडा. ठिपके शून्यातून जाणाऱ्या तिरक्या रेषेवर बसले तर तो उशीर आहे, आणि रेषेचा उतार म्हणजेच किती सेकंदांचा उशीर ते थेट मिळतं. सेन्सर मागे असेल तर चढताना फरक उणे आणि उतरताना अधिक. रेष आडवी असून शून्यापासून वर किंवा खाली सरकलेली असेल तर तो बायस, मग सेन्सर सरकला असेल नाहीतर कोणीतरी ठरावीक आकडा मिसळतंय. रेषच नाही, नुसता पसारा, आणि पसारा पंपाच्या वेगाबरोबर वाढतोय, तर मॉडेलमधला पंपाचा कर्व्ह (कुठल्या वेगाला किती पाणी ते सांगणारा आलेख) चुकलाय. आमच्या केसमध्ये रेष स्वच्छ आली आणि उतार ०.४१ सेकंद.

मग उशीर कुठून आला ते शोधायचं. ट्रान्समीटर थेट इथरनेटवर नव्हते, एका मॉडबस गेटवेच्या (मॉडबस ही अशा उपकरणांची बोलण्याची भाषा, गेटवे म्हणजे वायर आणि इथरनेट यांच्यातला दुभाषा) मागे आरएस-४८५ च्या वायरवर होते, आणि त्याच वायरच्या शेवटी एक एनर्जी मीटर होता. गेटवे एकामागून एक सगळ्यांना विचारत फिरतो. रात्री त्या मीटरचं पॅनेल बंद व्हायचं, मीटर उत्तर द्यायचा नाही, गेटवे त्याच्यासाठी ४०० मिलिसेकंद थांबायचा आणि मग पुढे जायचा, त्यामुळे फेरी लांबायची. वर आणखी म्हणजे डिटेक्टरने विचारलं की गेटवे शेवटचं साठवलेलं रीडिंग लगेच देऊन टाकायचा, त्यामुळे नेटवर्कवर बघणाऱ्याला सगळं वेळेत दिसत होतं, पॅकेट वेळेवर, उत्तर वेळेवर, फक्त आतला आकडा शिळा. आयटीच्या लोकांनी दोनदा तपासून ‘नेटवर्क ठीक आहे’ म्हटलं ते त्यांच्या जागी बरोबरच होतं. मीटर त्या वायरवरून काढून वेगळ्या पोर्टवर टाकला. त्या रात्री थ्रेशोल्ड परत ९.२१ वर आणला आणि एकही अलार्म आला नाही.

आता कोणी म्हणेल, ३० वर ठेवूनही शांतच होतं की, काय बिघडलं? हे मी त्यांच्याच रेकॉर्ड केलेल्या डेटावर करून दाखवलं. पहिल्या लेव्हलच्या रीडिंगमध्ये सेकंदाला ०.०५ मिलिमीटर या चालीने खोटा आकडा मिसळत गेलो. इतकी सावकाश चाल की फिल्टर तिच्यामागे गुपचूप चालत जातो, फरक पाव मिलिमीटरच्या आसपास अडकून राहतो, आणि तासाभरात लेव्हल १८० मिलिमीटर खोटी. ३० वर अलार्म आला नाही. पण खरं सांगायचं तर ९.२१ वरही आला नाही. सॅम्पलवार बघणारी कुठलीही टेस्ट अशा हल्ल्याला आंधळीच असते, कारण तिला आठवण नसते.

आठवण द्यायची तर क्यूसम. पेज यांनी १९५४ मध्ये मांडलेली पद्धत, फार साधी आहे आणि पीएलसीवरही चालते इतकी हलकी आहे. फरक स्टँडर्ड डेव्हिएशनने भागायचा, त्यातून एक छोटा आकडा वजा करायचा, उरलेलं बेरजेत टाकत जायचं, बेरीज शून्याखाली गेली तर शून्य धरायची, ठरावीक उंचीच्या वर गेली की अलार्म. वरच्या आणि खालच्या दिशेला एकेक बेरीज. बरेच जण वर्ग केलेल्या आकड्यावर क्यूसम लावतात, मी ते टाळतो, वर्ग केला की चिन्ह हरवतं आणि सावकाश एकाच दिशेने ढकलणाऱ्या हल्ल्यात चिन्ह हाच पुरावा असतो. आमच्या केसमध्ये वजा करायचा आकडा ०.२ आणि उंची ४० ठेवली. पाव मिलिमीटर म्हणजे ०.४ स्टँडर्ड डेव्हिएशन, त्यातून ०.२ गेले, उरलेले साठत साठत अर्ध्या मिनिटाच्या आत अलार्म, तोपर्यंत लेव्हल फार तर दीड मिलिमीटर खोटी झालेली. आणि खोटा अलार्म हिशोबाने शंभर दिवसांत एखादा.

पण हा हिशोब कधी खरा? फरक स्वच्छ नॉइज असेल तरच. गेटवेचा उशीर तसाच ठेवून हा क्यूसम लावला असता तर पंप चालू झाल्यावर दुसऱ्या सेकंदाला वाजला असता, आणि मग लोकांनी तोही बंद केला असता. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं की डिटेक्टर तीक्ष्ण करायचा असेल तर आधी वेळ दुरुस्त करा, कारण वेळेची घाण जेवढी जास्त तेवढी हल्लेखोराला लपायला जागा जास्त.

स्वच्छ आहे की नाही ते बघायचं कसं? फरकाचं ऑटोकोरिलेशन काढा, म्हणजे फरक स्वतःच्याच काही सॅम्पल आधीच्या आकड्यांशी किती जुळतो ते (किती सॅम्पल मागे तो लॅग). साधारण १०,००० सॅम्पल शांत काळातले घेतले तर शून्य सोडून बाकीच्या लॅगला आकडा उणे ०.०२ ते अधिक ०.०२ च्या पट्ट्यात राहायला हवा, वीसातला एखादा बाहेर गेला तर चालतं. सुरुवातीचे पाच-सहा लॅग सगळेच वर असतील तर मॉडेल किंवा वेळ चुकलीय. ठरावीक लॅगला उंचवटा येत असेल तर काहीतरी ठरावीक वेळाने घडतंय, ते शोधा: हिस्टोरियनचं (जुना डेटा साठवणाऱ्या सर्व्हरचं) पोलिंग, बॅकअप, कोणीतरी कंट्रोल नेटवर्कवरच ठेवलेला कॅमेरा.

उशिराची बाकीची कारणंही बघून ठेवा. घड्याळ हे सगळ्यात मोठं. साधं क्वार्ट्झ घड्याळ २० पीपीएमने (दहा लाखांत २०) चुकलं तरी दिवसाला १.७ सेकंद होतात, आणि पीएलसी आणि डिटेक्टरचा पीसी दोघांची घड्याळं वेगवेगळ्या दिशेला सरकत असली तर आणखी. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारी पद्धत) आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्याची नेहमीची सेटिंग अशी असते की फरक १२८ मिलिसेकंदांच्या वर गेला आणि तसाच राहिला की तो हळूहळू न सावरता घड्याळ एकदम उडी मारून बसवतो, आणि त्या उडीच्या क्षणी डिटेक्टरला वाटतं की टाकीतलं पाणी मागे गेलं. फरकाचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसला, हळूहळू वाढतोय आणि एकदम खाली, तर आधी घड्याळ बघा. जलद लूप असेल, मोटर, सबस्टेशन वगैरे, तर एनटीपीवर न राहता पीटीपी (त्याहून बारीक वेळ जुळवणारी पद्धत) लावा.

पॅकेट हरवतात ते वेगळं. हरवलेल्या सॅम्पलच्या जागी जुनंच रीडिंग परत भरणारे डिटेक्टर मी खूप बघितलेत आणि ते चूक आहे, सॅम्पल आलं नाही तर फिल्टरला फक्त पुढे पळू द्या, करेक्शन करू नका, अनिश्चितता आपोआप वाढते आणि पुढचं रीडिंग आलं की त्याला त्या वाढलेल्या अनिश्चिततेनेच भागलं जातं, त्यामुळे उगाच अलार्म येत नाही. डेडबँडवाला डेटाही असाच फसवतो. लेव्हल ठरावीक एवढी बदलली तरच नवं रीडिंग पाठवायचं अशी सेटिंग असेल तर मधल्या काळात रीडिंग गोठलेलं दिसतं आणि मग पायरी. डिटेक्टरला कच्चा डेटाच द्या, हिस्टोरियनमधला नको.

आणि एक गोष्ट जी करायला जवळजवळ फुकट आहे. पीएलसीमध्ये एक काउंटर ठेवा जो प्रत्येक स्कॅनला एकने वाढतो, आणि लेव्हलच्या रजिस्टरांना लागूनच ठेवा म्हणजे एकाच विचारणीत दोन्ही येतात. काउंटर वाढला नाही तर रीडिंग शिळं, जास्त उडी मारली तर मधले हरवले. सेन्सर गेटवेच्या मागे असेल तर मात्र हा काउंटर तिथपर्यंतचा उशीर सांगत नाही, त्यासाठी गेटवेची फेरी किती वेळाची आहे ते वेगळं मोजावं लागतं. आणि हा काउंटर सुरक्षेसाठी नाही हे लक्षात ठेवा, हल्लेखोर तोही खोटा पाठवू शकतो. तो फक्त बिघाड बाजूला काढायला.

एवढं सगळं करून अलार्म आलाच तर मग तो गंभीरपणे घ्या. कारण उलटी चूकही होते, खरा हल्ला बिघाड समजून सोडून दिला जातो, आणि ती चूक जास्त महाग पडते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मरूची शायरच्या सांडपाणी व्यवस्थेत २००० साली पंप वेळेवर चालेनात, अलार्म कंट्रोल सेंटरपर्यंत पोचेनात, आणि बराच काळ सगळे ते सिस्टिमचा दोष म्हणूनच शोधत होते. प्रत्यक्षात कंत्राटदाराकडे आधी काम केलेला एक माणूस रेडिओवरून पंपिंग स्टेशनांना हुकूम पाठवत होता. आठ लाख लिटर मैलापाणी नाल्यांत आणि मोकळ्या जागांत गेलं. रेडिओवरचे मेसेज रेकॉर्ड करून बघितले तेव्हा कळलं की हे आपोआप होण्यासारखं नाही, कोणीतरी मुद्दाम करतंय. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पातही तसंच, जूनमध्ये सेफ्टी कंट्रोलरने प्लांट बंद पाडला तेव्हा ते बिघाडात मोजलं गेलं आणि ऑगस्टमध्ये परत झालं तेव्हा आत ट्रायटन नावाचा मालवेअर सापडला. दोन्हीकडे सुरुवातीची खूण होती.

मग बिघाड की हल्ला हे ठरवायला दुसरा पुरावा लागतो, नुसत्या फरकावरून ते कधीच कळत नाही, सेन्सर सरकला काय आणि कोणी सरकवला काय, गणिताला दोन्ही सारखंच. दुसरा पुरावा नेटवर्कमधून घ्यायचा. स्विचचा मिरर पोर्ट किंवा टॅप (जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटची प्रत देणारी जोडणी) लावून नुसतं ऐकायचं. मॉडबस १९७९ चा आहे, त्यात ओळख पटवणं असं काही नाहीच, ५०२ पोर्टपर्यंत जो पोचला तो लिहू शकतो. पण त्याचा एक फायदा म्हणजे सगळं उघडं दिसतं. लिहिण्याचे नेहमीचे फंक्शन कोड (मेसेजमधला हुकुमाचा नंबर) ५, ६, १५ आणि १६. एका नीट चालणाऱ्या प्लांटमध्ये हे कोड ठरावीक दोन-तीन आयपी ॲड्रेसवरूनच येतात, ती यादी लिहून ठेवा, यादीबाहेरून एक जरी आला तरी अलार्म, तिथे कुठलाही थ्रेशोल्ड नको. तसंच एकाच आयपीचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) अचानक बदलला तर मधे कोणीतरी बसलंय का ते बघा. पीएलसी रन मोडमधून प्रोग्राम मोडमध्ये गेला का, त्यातल्या लॉजिकचा हॅश (प्रोग्राम बदलला की बदलणारा ठशासारखा आकडा) कालच्याशी जुळतो का. फरकाचा अलार्म आणि यातलं एखादं लक्षण पाच-दहा मिनिटांच्या अंतरात आलं तर मी बिघाडाची चर्चा बंद करतो आणि हल्ला धरून पुढे जातो.

एक कळकळीची विनंती, चालू प्लांटवर पोर्ट स्कॅनर चालवू नका. जुने पीएलसी आणि गेटवे नुसत्या स्कॅनने लटकतात, आणि मग हल्ला शोधता शोधता आपणच प्लांट बंद पाडलेला असतो.

आता उलट बाजू, जिच्याकडे जवळपास कोणी बघत नाही. फरक फार कमी झाला तरी संशय घ्या. इराणच्या युरेनियम प्रकल्पावर सोडलेला स्टक्सनेट हा मालवेअर २०१० मध्ये उघडकीस आला, त्याच्या व्हॉल्व्हवाल्या भागात सेन्सरच्या नॉर्मल रीडिंगचं २१ सेकंदांचं रेकॉर्डिंग करून तेच परत परत चालवलेलं होतं, ऑपरेटरला स्क्रीनवर सगळं आलबेल. आपला डिटेक्टर अशा रेकॉर्डिंगवर खूश असतो, कारण ते खरंच चांगल्या दिवसाचं रीडिंग असतं.

याला दोन उपाय. सोपा म्हणजे नॉइज तपासणं. खऱ्या सेन्सरचा नॉइज जसाच्या तसा परत येत नाही. शेवटच्या ६०० सॅम्पलचा, म्हणजे एका मिनिटाचा तुकडा घ्या आणि मागच्या काही दिवसांच्या डेटावर सरकवत बघा, शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत जुळला तर ते रेकॉर्डिंग आहे. टाकी रिकामी असताना किंवा सेन्सरचं रिझोल्यूशन जाडं असताना एकच आकडा मिनिटभर येऊ शकतो, तेव्हा ज्या तुकड्यात आकडा हलतोय तेच तुकडे तपासा. हल्लेखोराने रेकॉर्डिंगवर स्वतःचा नॉइज मिसळला तर ही टेस्ट फसते.

तेव्हा दुसरा उपाय, वॉटरमार्क. मो आणि सिनोपोली यांनी २००९ मध्ये रिप्ले हल्ल्यासाठी, म्हणजे असं जुनं रेकॉर्डिंग परत चालवण्याविरुद्ध, हा मांडला. पंपाच्या स्पीडच्या हुकुमात आपणच एक छोटी रँडम थरथर मिसळायची, जी फक्त आपल्याला माहीत. खरी टाकी असेल तर तिच्या लेव्हलमध्ये त्या थरथरीचा पडसाद दिसणारच, फरक आणि थरथर यांचं कोरिलेशन लावून तो तपासता येतो. रेकॉर्डिंगमध्ये आजची थरथर असूच शकत नाही. किंमत म्हणजे कंट्रोल थोडं खरखरीत होतं आणि व्हॉल्व्ह असेल तर तो झिजतो. मी पंपावर पूर्ण वेगाच्या अर्ध्या टक्क्यापासून सुरू करतो आणि पडसाद नॉइजच्या वर येईपर्यंतच वाढवतो, व्हॉल्व्हवर मात्र सतत न ठेवता दिवसातून काही वेळा, कधी ते ठरलेलं नसताना, दोन-तीन मिनिटं चालवतो. थरथरीचा आकडा ज्या कॉम्प्युटरवर तयार होतो तो हल्लेखोराच्या हाती लागला तर सगळं वाया, म्हणून तो वेगळा ठेवा.

आणि काही हल्ले असे असतात की डिटेक्टर कितीही चांगला असला तरी दिसत नाहीत. लिऊ, निंग आणि रायटर यांनी २००९ मध्येच पॉवर ग्रिडसाठी दाखवलं की ज्याला सिस्टिमचं मॉडेल माहीत आहे आणि पुरेसे सेन्सर हातात आहेत तो सगळे आकडे एकमेकांशी जुळवून असे खोटे करू शकतो की फरकात तिळमात्र बदल होत नाही. इथे सॉफ्टवेअर पुरत नाही. यावर मला पटलेला एकच उपाय म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या मोजमापासाठी एक सेन्सर नेटवर्कच्या बाहेर ठेवणं, जुनी ४ ते २० मिलिअँपची वायर थेट डिटेक्टरच्या स्वतःच्या ॲनालॉग कार्डवर. एक वायर ओढायला लोक कंटाळा करतात पण हल्लेखोराला ती वायर नेटवर्कवरून शिवता येत नाही. तसंच डिटेक्टरला पंपाचा वेग पीएलसीने दिलेल्या हुकुमावरून घेऊ देऊ नका, ड्राइव्हचा फीडबॅक घ्या, कारण हुकूम एक आणि ड्राइव्ह दुसरंच काही करतोय हेच तर पकडायचं असतं. पंप मॅन्युअलला टाकला की दर वेळी अलार्म येतो अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक हेच, डिटेक्टर अजून ऑटोचाच हुकूम धरून बसलेला असतो.

अलार्म खरा वाटला तर त्या क्षणी काय? आधी माणूस टाकीपाशी पाठवा, साइट ग्लासवर किंवा लोकल गेजवर लेव्हल बघून फोनवर सांगू द्या. स्क्रीनवरचा आकडा आणि डोळ्यांनी दिसणारा आकडा वेगळा असेल तर लूप लोकलला घ्या, आणि हे लोकलला घेणं कोण करणार आणि चावी कुठे आहे हे आधी ठरलेलं असू द्या. मिरर पोर्टवरचं कॅप्चर सेव्ह करा, पीएलसीतला प्रोग्राम वाचून बाजूला ठेवा, घाबरून पीएलसी रिस्टार्ट करू नका, मेमरीतला पुरावा जातो. युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ ला सबस्टेशनांवर हल्ला झाला तेव्हा ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउस आपोआप हलत ब्रेकर उघडत होता, सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली, आणि काही तासांत ती परत आली ती माणसांनी जागेवर जाऊन हाताने ब्रेकर टाकले म्हणून. तेव्हा हाताने चालवायची सवय जिवंत ठेवा, वर्षातून एकदा तरी करून बघा.

त्या दोन टाक्यांच्या ठिकाणी आता असं चालतं की दर महिन्याला मागच्या महिन्याचा डेटा घेऊन त्यात आम्हीच खोटा बायस, सावकाश चाल, उशीर आणि एक रिप्ले मिसळतो आणि प्रत्येकाला अलार्म यायला किती सेकंद लागले ते वहीत लिहितो. पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चाक) बदलला त्या महिन्यात सावकाश चालीचा आकडा अर्ध्या मिनिटावरून चार मिनिटांवर गेला होता, मॉडेलमधला पंप कर्व्ह नव्याने बसवल्यावर परत खाली आला. रात्रपाळीचा तोच ऑपरेटर आता वहीत अलार्मच्या वेळेबरोबर पंप चालू होता की बंद, लेव्हल चढत होती की उतरत, हेही लिहितो.